देव झाकायचा, मिटायचा नाही

भिंगारचे साळवे हवालदार नसते तर हा मजकूर मी नगरमध्ये बसून लिहिलाच नसता. गोंदियाला एखाद्या राइस मिलच्या दारात पोत्यांवर शिक्के मारत बसलो असतो. म्हणून आधी त्यांचं नाव. काय घडलं ते मागाहून सांगतो. त्यांना स्वतःला हा क्रम आवडणार नाही. सैन्यात आधी घटना सांगतात आणि नावं शेवटी, असं ते म्हणतील. पण या अंकात लिहायचं मला सांगितलंय आणि ते आता नाशिकला लेकीकडे असतात.

मी मूळचा गोंदियाचा. नववीपर्यंत शिकलो, म्हणजे नववीच्या वर्गात बसलो. पुढं घरचं काही जमेना आणि मलाही गणित जमेना, तेव्हा भिंगारला मिलिटरीच्या डेपोत कारकून असलेल्या मामानं मला नगरला आणलं. वर्षभरात मामाची बदली झाली. तो गेला, मी राहिलो. भिंगारमधली एक खोली, एक स्टोव्ह आणि नगरच्या जुन्या बाजारातल्या बोळात बापूंच्या छापखान्यात काम, एवढी माझी इस्टेट. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला उत्तर देताना 'हो जी' म्हणतात. नगरमध्ये कुणी असं म्हणत नाही. पहिल्या आठवड्यातच बोळातली सगळी माणसं मला बघितलं की 'हो जी' म्हणायला लागली, आणि माझं नाव 'गोंदिया' पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकायला मिळायचं.

बापू म्हणजे छापखान्याचे मालक. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याच्या काळातला माणूस. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे फॉर्म, निवडणूक आली की पत्रकं, असं काम. त्यांच्या छापखान्यात एक रीत होती. सकाळी कुलूप उघडलं की पहिली ओळ जुळवायची ती 'श्री'ची. तिचं एक पान छापायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, आणि मगच गिऱ्हाइकाच्या कामाला हात घालायचा. वडिलांपासून चालत आलेलं. नव्वदच्या दशकात सगळ्या छापखान्यांत कॉम्प्युटर यायला लागले तसा बापूंनी पुण्याहून एक वापरलेला मॅक आणला. भुरकट रंगाची पेटी, तिच्यावर डोकं असल्यासारखा पडदा. तो आला दसऱ्याला. पेटीला झेंडूची माळ घातली, उंदराला म्हणजे माऊसला कुंकू लावलं, आणि बापूंनी बसवायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला, की रोज सकाळी यात सगळ्यात आधी श्रींचं पान कसं यायचं.

त्या माणसाची मला अजून कमाल वाटते. तो हसला नाही. त्यानं ऑफिसच्या कामाचा जो प्रोग्रॅम असतो, पत्रं लिहायचा, तक्ते करायचा, त्यात एक पान केलं. वर 'श्री', खाली फुलांची चौकट. आणि ते पान मशीनच्या अशा एका कप्प्यात ठेवलं, की मशीन सुरू झालं की ते आपोआप उघडावं. कुणी बोट लावायची गरज नाही. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, की दिवसभर देव असा समोर उघडा ठेवून त्यावर पावतीपुस्तकं करायची का. त्यानं तेही सोडवलं. कोपऱ्यातल्या मेनूत एक हुकूम असतो, तो दिला की पान पडद्याआड जातं, पण बंद होत नाही. दुपारी देवळात पडदा ओढतात तसं. बापूंनी तिथल्या तिथं नियम केला: देव झाकायचा, मिटायचा नाही. संध्याकाळी मशीन बंद करताना तो आपला आपण जाईल, तेवढं चालेल.

मॅकवर बसायला बापूंचा खिळे जुळवणारा जुना कंपॉझिटर तयार होईना. त्याला त्या पेटीचा उजेड सोसायचा नाही. म्हणून मी बसलो. सकाळी बटण दाबायचं, मशीन 'टंण' असा आवाज करायचं, हसऱ्या चेहऱ्याचं चित्र यायचं, मग खालच्या बाजूला छोटी चित्रं एकामागून एक रांगेत उभी राहायची, आणि शेवटी श्री. श्री आले की मी दोन्ही हात जोडायचो. मग पडदा ओढायचा आणि कामाला लागायचं. हात जोडायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. बापू मागं उभे असायचे, एवढं पुरेसं होतं.

दोनएक वर्षांत मी कामात बरा झालो. घरी पत्र लिहिलं की मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. माझी पत्रं आई गल्लीत कुणाकुणाला वाचून दाखवते हे मला बहिणीच्या पत्रातून कळायचं, आणि प्रत्येक वेळी ते पत्र मी घाईनं घडी घालून ठेवायचो. कारण माझी सगळी ऑपरेटरकी त्या एका भुरकट पेटीवर उभी होती. दुसऱ्या कुठल्या दुकानात कुणी मला विचारणार नव्हतं. नववी नापास माणसाला विचारतात तरी काय.

मग ते अहवालाचं काम आलं.

एका मोठ्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापायचा होता. असलं काम मिळालं की छापखान्याचं वर्ष निघतं. बापूंनी ते मिळवायला मॅनेजरसाहेबांच्या घरी दोन वेळा चहा घेतला होता. अहवालाचे तक्ते पुण्यात कुणीतरी मॅकवरच करून फ्लॉपीत पाठवले. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चकती, तेव्हा सगळा मजकूर तिच्यातून यायचा जायचा. मी फ्लॉपी घातली, फाईल उघडायला गेलो, तर मशीन म्हणालं की ही फाईल माझ्या पुढच्या आवृत्तीत केलेली आहे, मला वाचता येत नाही. जुन्या आवृत्तीत करून पाठवा म्हणावं, तर ज्यानं केली तो गृहस्थ लग्नाला गावी गेलेला.

इथं बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. प्रोग्रॅम बनवणारे दर काही दिवसांनी त्यात सुधारणा करतात. ती सुधारणा आपल्या मशीनमध्ये घालायची म्हणजे अपडेट. आता ते रात्री झोपेत आपोआप होतं आणि सकाळी उठून बघावं तर ओळखीचं बटण जागेवर नसतं. तेव्हा मात्र अपडेट एस.टी.च्या पार्सलनं यायचं. फ्लॉप्यांचा गठ्ठा. एक घातली की मशीन ती चघळायचं, बाहेर फेकायचं, पुढची मागायचं. पडद्यावर एक पट्टी भरत जायची. ती पूर्ण भरली की झालं. मधे काही बिनसलं तर पट्टी गायब, आणि आधी घातलेलं सगळं पाण्यात.

पुण्याच्या डीलरनं गठ्ठा पाठवला. मी सकाळी बसलो. पट्टी भरत भरत शेवटाला आली, आता झालंच म्हणून मी खुर्चीत सरळ बसलो, आणि चौकोन आला: चूक, प्रकार वजा सत्तेचाळीस. बस. चूक कसली, कुणाची, काही नाही. नुसता आकडा, आणि तोही शून्याच्या खालचा. गणिताच्या मास्तरांनी माझा पत्ता शोधून काढल्यासारखं वाटलं.

पुन्हा केलं. पुन्हा वजा सत्तेचाळीस.

बापू ओरडणारे नव्हते. ते शांत झाले की भीती वाटायची. ते शांतपणे म्हणाले, "संध्याकाळी मॅनेजर येतोय पहिली दोन पानं बघायला. नाही दिसली तर तो काम पुण्याला नेईल. आणि मग हे मशीन मला ठेवायचं कशाला, गोंदिया? एक जण विचारतोच आहे, त्याला देऊन टाकतो."

मशीन गेलं तर माझं काय होणार, हे ते बोलले नाहीत. ते त्यांच्या मनातही नसेल. माझ्या मात्र तेवढंच मनात होतं. नागपूरकडं थेट गाडी नगरवरून जायची. तिची वेळ मला नको असताना पाठ होती.

डीलरच्या सर्व्हिसला फोन करावा, तर आमचा फोन मुका होता. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी नळासाठी खणलं होतं आणि पाण्याऐवजी आमची लाईन काढली होती. राहिला समोरचा एस.टी.डी. बूथ. तो साळवे हवालदारांचा.

हवालदार सिग्नलमधून निवृत्त झालेले. सैन्यात निरोप इकडून तिकडं पोचवायचं खातं ते. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, बूथमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली माजी सैनिकाचं प्रमाणपत्र. रोज भिंगारहून सायकलवर यायचे. कधीकधी मी मागं बसायचो, आणि पूर्ण रस्ता ते मला विचारायचे की गोंदियाला माणसं 'करून राहिलो' म्हणतात, तर ती नेमकी करतात की नुसती राहतात. बोळ एवढा अरुंद की त्यांच्या बूथमधून आमच्या खिडकीतला मॅक दिसायचा. पण फोनची वायर काही बोळ ओलांडणार नव्हती.

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा पुण्याला डीलरच्या सर्व्हिसमधल्या वैद्य मॅडम भेटल्या. आवाज समजूतदार. त्यांनी एक गोष्ट करून बघायला सांगितली, मी धावत छापखान्यात आलो, केली, धावत परत गेलो, सांगितलं, त्यांनी दुसरी सांगितली. असं काही वेळ चाललं. शेवटी एकदा मी आमच्या पायरीवर ठेच खाऊन पडलो, तेव्हा हवालदार बूथमधून बाहेर आले.

"तू असा पळत राहिलास तर मशीनच्या आधी तू बंद पडशील," ते म्हणाले. "तू तिथं बस. बाई काय म्हनतात ते मी तुला देतो. तू काय म्हनतोस ते मी बाईंना देतो. निरोप जसाच्या तसा पोचंल. समजायची जरूर न्हाई, पोचवायची जरूर हाय. माझं तेच काम हुतं."

"पण काका, बूथवर गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाइकाला सांगतो लाईन फौजेनं घेतलीय. बस जा."

आणि ते बूथच्या दारात उभे राहिले, रिसीव्हर कानाला, वायर ताणलेली, आणि परेड मैदानावरचा आवाज लावला.

"गोंदिया. बाई विचारत्यात, सगळे प्रोग्रॅम बंद हायत का? ओव्हर."

"हो जी. सगळे बंद."

"सगळे बंद म्हनतोय, मॅडम. ओव्हर."

वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला; पुण्यात वैद्य मॅडमना ते पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांना वाटलं फोन ठेवला. नंतर त्याही शेवटी ओव्हर म्हणायला लागल्या.

त्या दिवशी छापखान्यात घोडेगावचे भानुदास दलाल बसले होते. बैलबाजारात जनावरांचे सौदे जुळवायचा त्यांचा धंदा. पावतीपुस्तकं न्यायला आलेले. पुस्तकं केव्हाच बांधून तयार होती, पण बोळातला हा प्रकार सुरू झाल्यावर ते काही हलेनात. खुर्ची माझ्या मागं घेऊन, पडद्यावरची पट्टी भरताना बघत बसले. त्यांचं मत असं की मशीनला मार कमी पडतोय.

मॅडमनी विचारलं, डिस्कवर जागा आहे का. जागा कमी होती. जुन्या फाईली काढून टाका म्हणाल्या. हवालदारांनी बोळभर ऐकू जाईल असं सांगितलं, की जुनं जे असंल ते कचऱ्यात टाक. मी लग्नपत्रिकांच्या फाईलींवर हात ठेवला, तर बापू आडवे आले. पत्रिका टाकायच्या नाहीत. थोरलीची पत्रिका केली तोच बाप धाकटीच्या वेळी येतो आणि तश्शीच करा म्हणतो. शिवाय कुणाचं लग्न कचऱ्यात टाकणं बरं दिसत नाही. बराच विचार करून त्यांनी निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांची पत्रकं टाकायला परवानगी दिली. निवडून आलेल्यांची ठेवली. त्यांची बिलं अजून यायची होती.

जागा झाली. गठ्ठा पहिल्यापासून घातला. पट्टी शेवटाला आली. वजा सत्तेचाळीस.

"बसला," भानुदास दलाल म्हणाले. "आसं असतंय. बैल धडधाकट दिसतोय, चालतोय, आन् नेमका चढाला बसतोय."

"मॅडम, बैल बसला म्हनत्यात," हवालदारांनी निरोप जसाच्या तसा पोचवला.

मॅडमनी तोवर पुस्तकात बघून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, वजा सत्तेचाळीस म्हणजे फाईल बिझी. जी फाईल बदलायची आहे ती कुणीतरी वापरतंय, म्हणून नवीला जागा मिळत नाही. बसलेल्या माणसाच्या खालची सतरंजी बदलता येत नाही, तसं ते. पुन्हा विचारलं, नक्की काही चालू नाही ना?

"नक्की न्हाई ना रं?"

"नाही जी. काहीच नाही."

मी खोटं बोललो नव्हतो. पत्रं लिहायचा प्रोग्रॅम मी सकाळपासून उघडलाच नव्हता. माझ्या हिशेबानं मशीन रिकामं होतं.

मग मॅडमनी हुकमी इलाज काढला. मशीन पुन्हा सुरू करायचं, आणि सुरू होताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं. त्यानं आपोआप जे काही जागं होतं ते सगळं झोपलेलंच राहतं. पण एक अट, पडदा पूर्ण दिसेपर्यंत बोट उचलायचं नाही.

"शिफ्ट दाब. दाबून धर. पडदा पूर्न येईपर्यंत सोडायचं न्हाई. ट्रिगरसारखं धर. ओव्हर."

मी मशीन पुन्हा सुरू केलं. टंण झालं. हसरा चेहरा आला. शिफ्ट दाबली. एरवीची छोटी चित्रं आज रांगेत आली नाहीत, म्हणजे इलाज लागू पडत होता. मशीन पुढं गेलं, श्रींची फुलांची चौकट आली, मी पडदा ओढला, गठ्ठा घातला. भानुदास दलाल पुढं वाकले. बापू खुर्चीच्या पाठीला धरून उभे. पट्टी भरली, भरली, आणि बसली.

मॅडमनी पुस्तक पुन्हा चाळलं. त्यांच्याकडचं संपलं होतं. एवढंच म्हणाल्या की माणूस पाठवावा लागेल, चारेक दिवस लागतील. हवालदारांनी हा निरोप मात्र ओरडून दिला नाही. रिसीव्हर छातीशी धरून ते माझ्याकडं बघत राहिले. मला काय ते कळलं. बापू आत गेले आणि खिळ्यांच्या खणांपाशी उभे राहिले. मॅनेजर यायला फार वेळ नव्हता. माझ्या डोळ्यासमोर गोंदियाचं स्टेशन आलं, आणि फलाटावर आई, आणि तिच्यामागं ती सगळी गल्ली, जिला माझी पत्रं पाठ होती.

"पुन्हा कर," हवालदार म्हणाले.

"काका, आता काय उपयोग?"

"कर म्हनतो ना. या खेपेला मी नुसता बघनार हाय."

मी केलं. टंण. हसरा चेहरा. शिफ्ट.

"गोंदिया."

"हो जी."

"हात कशाला जोडलेस?"

मी बघितलं. माझे दोन्ही हात छातीशी जोडलेले होते. रोजच्या सवयीनं ते श्री यायच्या आधीच जुळले होते, आणि शिफ्टवर कुणीच नव्हतं. समोर फुलांची चौकट होती आणि मध्ये श्री.

"बाई," हवालदार रिसीव्हरमध्ये म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा परेडचा नव्हता, "पोरगं ऐन टायमाला बटन सोडून मशीनला नमस्कार करतंय. हां. नमस्कार. दोन्ही हातांनी. थांबा, इचारतो. गोंदिया, बाई म्हनत्यात, नमस्कार कुनाला?"

"देवाला जी."

"देव कुठं हाय?"

"मशीनमध्ये."

"कशात उघडतोय?"

पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये. ज्याला अपडेट करायचं होतं त्याच प्रोग्रॅममध्ये. रोज सकाळी सगळ्यात आधी तो उघडत होता, दिवसभर पडद्याआड जागा होता, आणि मी सकाळपासून बोळाला आणि पुण्याला ओरडून सांगत होतो की काहीच चालू नाही. देव म्हणजे काही 'चालू' असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो असतो, बस.

पुण्याहून हसण्याचा आवाज बोळात ऐकू आला. मग मॅडम म्हणाल्या, ते पान बंद करा आणि गठ्ठा घाला, होऊन जाईल.

"बंद करायचं नाही," आतून बापू म्हणाले.

ते बाहेर आले. मला वाटलं आता संपलं. मॅनेजर जाईल, मशीन जाईल, पण देव मिटणार नाही. बापू तसे होतेच. हवालदार रिसीव्हर शेल्फवर आडवा ठेवून बोळ ओलांडून आले. आमच्या छापखान्यात ते सहसा आत येत नसत, दारातूनच बोलत. आज खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"बापू, आमचा या देवाशी काही संबंध न्हाई, ते तुमाला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन ड्युटीचं मला कळतं. पहाऱ्यावरचा जवान जागा सोडत न्हाई, ते बरोबर. पन दुसऱ्याला पहाऱ्यावर उभा केला, की पहिला जातो. त्याला कुनी पळपुटा म्हनत न्हाई. ह्यो मशीनमधून हलायचा तर बाहेर कुनीतरी उभा पाहिजे. बस एवढंच."

बापू पडद्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "एक पान छाप."

मी श्रींच्या पानाचा प्रिंट काढला. बापूंनी तो गरम कागद दोन्ही हातांत घेतला, कुंकू लावलं, मशीनच्या डोक्यावर पितळी वजनाखाली नीट बसवला. मग खिळ्यांच्या खणातून 'श्री'चा जुना जुळवलेला तुकडा आणला, जो ते कधीच मोडत नसत, आणि तो कागदावर ठेवला. छापखानेवाल्याचा विश्वास शेवटी कागदावर आणि शिशावर. पडद्यावरचं सगळं त्यांना नेहमीच थोडं उसनं वाटायचं. गणपती उठवताना म्हणतात तसं ते हळू आवाजात 'पुन्हा या' म्हणाले आणि मला मान डोलावली.

मी पान मिटलं. आणि त्या क्षणी मागं खाडकन टाचा जुळल्याचा आवाज आला. हवालदार सावधानमध्ये उभे होते, हात कपाळाला.

भानुदास दलाल खुर्चीतून उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"संबंध न्हाई म्हनालात ना हो?" त्यांनी विचारलं.

"न्हाईच," हवालदार म्हणाले. "ड्युटीवरून उतरनाऱ्याला सलाम असतो. त्यात कोन हाय ते बघत न्हाईत."

गठ्ठा घातला. पट्टी भरत गेली, शेवटाला आली, आणि भरून पलीकडं गेली. हवालदार बूथकडं गेले, रिसीव्हर उचलला आणि बोळातल्या प्रत्येक दुकानाला कळेल असं म्हणाले, "मॅडम, बैल चढला. ओव्हर अँड आऊट."

मॅनेजरसाहेब आले तेव्हा पहिली दोन पानं तयार होती. त्यांनी तक्ते बघितलेच नाहीत. स्वतःचा फोटो चेअरमनच्या फोटोपेक्षा लहान का, एवढीच चौकशी केली. काम राहिलं. मशीन राहिलं. दुसऱ्या दिवशी श्री परत आत गेले, या खेपेला चित्रं बघायच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, कुणाच्या सतरंजीवर नाही. ती सूचना वैद्य मॅडमची. डोक्यावरचा कागद मात्र बापूंनी काढू दिला नाही. एकदा पहाऱ्यावर लावलेला माणूस विनाकारण कशाला हलवायचा, असं आता तेही म्हणायला लागले होते.

पुढं मी हे काम शिकत गेलो. नगर, राहुरी, देवळाली प्रवरापर्यंत लोकांची मशीनं बघायला जायचो. अपडेट बसत नाही म्हणून बोलावणं आलं की सगळे एकच सांगायचे, काहीच चालू नाही. मी कधी त्यांना खोटं ठरवलं नाही. फक्त म्हणायचो, जरा मशीन सुरू करा आणि मला बघू द्या. मग आपोआप काहीतरी उघडायचं. कुठं साईबाबांचा फोटो, कुठं मुलाचा पहिल्या वाढदिवसाचा, एका मास्तरांकडं तर त्यांनीच लिहिलेली कविता. माणसाला जे सगळ्यात जवळचं असतं ते त्याच्या लेखी कधीच 'चालू' नसतं. ही विद्या मला कुठल्या पुस्तकानं दिली नाही. एका हवालदारानं माझ्या हातांकडं बघितलं म्हणून मिळाली. बापूंना हे मी कधी बोलून दाखवायला हवं होतं. ते राहिलं. आता ते नाहीत. त्यांच्या मुलानं छापखाना मोठा केला, आणि तो भुरकट मॅक माझ्या दुकानात कोपऱ्यात आहे. बंद. पण डोक्यावर कागद आहे.

त्या संध्याकाळी सायकलवर मागं बसून भिंगारला जाताना मी हवालदारांना विचारलं होतं, काका, तुमच्यासाठी मी काय करू. लाईन अडवून धरल्यानं त्यांच्या धंद्याचा सगळा दिवस बुडाला होता, आणि त्याचं ते काही बोलू देत नव्हते.

"एक पान छापून दे कवातरी," ते म्हणाले. "मजकूर मी सांगंन."

मला वाटलं जयंतीची पत्रिका असेल. ती मी केली, पुढं दरवर्षी केली. ते म्हणाले, हे न्हाई, हे तर चालायचंच. लेकीच्या लग्नाची केली. हेही न्हाई. बूथ बंद झाला, मोबाईल आले, ते नाशिकला गेले. दर दिवाळीला मी फोन करतो आणि विचारतो. ते म्हणतात, मजकूर अजून जुळायचाय.

मागच्या महिन्यात लेकीच्या मोबाईलवरून त्यांचाच फोन आला. त्यांच्या मोबाईलमध्ये अपडेट बसत नव्हतं. जागा नाही म्हणत होतं. आत काय काय साठलंय ते वाचून दाखवा म्हणालो, तर पलटणीतल्या जुन्या सोबत्यांनी पाठवलेल्या शुभ सकाळच्या चित्रांनी मोबाईल गच्च भरलेला. मी म्हणालो, काका, ही पुसा. ते म्हणाले, सलामाला उत्तर दिल्याशिवाय पुसायची न्हाईत, आणि उत्तरं द्यायची अजून लई बाकी हायत. मग आम्ही दोघांनी फोनवर बसून एकेका चित्राला उत्तर दिलं आणि एकेक पुसलं. अपडेट बसलं. मी म्हणालो, आता तरी फिटलं का? "ह्यात काय फिटतंय," ते म्हणाले. "पान राहिलंय."

तर हवालदार, हा अंक नाशिकला पोचला की तुम्ही हे वाचाल, आणि सुरुवातीलाच नाव आलं म्हणून रागवाल. रागवा. पण दुकानात तुमच्यासाठी चांगल्या जाड कागदाचा ताव मी वेगळा काढून ठेवला आहे. बापूंच्या खणातले खिळेही पुसून ठेवले आहेत, कारण तुमचं पान मी मशीनवर करणार नाही, हातानं जुळवून छापणार आहे. मजकूर एका ओळीचा असला तरी चालेल. तुम्ही सांगाल तसा, शब्दाला शब्द, जसाच्या तसा पोचवीन. समजलं नाही तरी. ओव्हर.